उजव्या गालाचा ताळा

माणसाच्या मेंदूतून नसांच्या बारा जोड्या थेट बाहेर पडतात. पहिली वास घेते, दुसरी बघते, आठवी ऐकते, दहावी पार पोटापर्यंत भटकून येते. बहुतेक जणी आपापलं काम मुकाट्यानं करतात. पाचवी आणि सातवी मात्र चेहऱ्यावर शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. गालाला काय झालं ते पाचवी आत कळवते. आत काय झालं ते सातवी गालावर मांडते. पाचवी जाणते, सातवी दाखवते. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना चेता म्हणतात, मिरजेत नस म्हणतात, आणि मिरजेत दर घराआड एक डॉक्टर असल्यामुळे आपण मिरजेचंच ऐकू.

रत्नप्रभा मगदूम यांची उजवी सातवी नस अंकलीच्या पुलाच्या अलीकडे तुटली. त्या कन्याशाळेत गणित शिकवायच्या. निम्म्या मिरजेला त्यांनी अपूर्णांक शिकवले होते आणि ती निम्मी मिरज त्यांना अजून नुसतं ‘बाई’ म्हणायची. एका साखरपुड्याहून मायलेकरं कोल्हापूरकडून परत येत होती. गाड्या स्वतः चालायला लागून काही वर्षं झाली होती, पण चंदनाची गाडी जुनी, हातानं चालवायची होती. चंदना चालवत होती, तिच्या शेजारी धाकटा भाऊ भरतेश, मागे बाई. हंगाम उसाचा. कडेला उसाची ट्रॉली उभी होती. गाडीची डावी बाजू ट्रॉलीखाली गेली आणि भरतेश जागच्या जागी गेला. बाईंचं डोकं उजव्या खांबावर आदळलं. कानामागचं हाड तडकलं. त्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातूनच सातवी नस चेहऱ्याकडे जाते. चंदनाच्या खांद्याला खरचटलं.

पोलीस जबाब घ्यायला इस्पितळात आला तेव्हा बाईंचं अर्धं तोंड लोंबत होतं. “ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता,” असं त्या म्हणाल्या. त्याला नीट कळलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं आणि बाईंना तेच पुन्हा म्हणावं लागलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता, तिनं एकाच बैठकीत दोनदा खोटं सांगितलं. दिवा होता. मागच्या सीटवरून बाईंना तो दिसला होता, आणि चंदनाच्या हनुवटीवर पडलेला निळा उजेडही दिसला होता. तो उजेड तिच्या मनगटावरच्या पट्टीचा होता. चंदना एका निरोपावरून नजर फिरवत होती.

जबाब दिला तेव्हा चंदना पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. दिवा तिलाही दिसला होता, फक्त उशिरा. आईनं खोटं सांगितलं म्हणजे आईला सगळं माहीत आहे, एवढं गणित तिलाही येत होतं. ट्रॉलीवाला तुरुंगात गेला. मायलेकी घरी आल्या. त्या विषयावर दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

बोलायची गरज पडू नये अशी सोय त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक होतो, मग सगळे एकमेकांपुढे हात जोडतात, थोर लहानांपुढेही, आणि म्हणतात, “मनानं, बोलण्यानं, वागण्यानं काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.” समोरचाही तेच म्हणतो. शेजाऱ्याच्या बांधावर चालून जाण्यापासून जावेच्या साडीला नावं ठेवण्यापर्यंत सगळं त्या एका वाक्यात बसतं. त्याची गोम अशी की काय चुकलं ते सांगावं लागत नाही. दर वर्षी चंदना आईच्या पायावर डोकं ठेवून ते वाक्य म्हणे, बाई म्हणत, “क्षमा, बाळ.” दर वर्षी हिशेब मिटे आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी चंदना पुन्हा तेवढीच अपराधी होऊन जागी होई. तिला एकच गोष्ट हवी होती. आईनं आपल्याला खरोखर क्षमा केली आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

चंदना इस्पितळाच्या नस-विभागात इंजिनिअर होती. कारमध्ये तिला आलेला तो निरोप त्यांच्याच यंत्राचा होता: पहिल्या रुग्णाचा ओठ हलला. त्यानंतर यंत्र सुधारत गेलं आणि बाईंच्या नशिबी आलं. कानामागे कातडीखाली बटणाएवढी चकती, तिच्यापासून नसेच्या शाबूत टोकापर्यंत तारांचं जाळं. प्रश्न एवढाच होता की या तारांनी कुणाचं ऐकायचं.

पहिल्या नमुन्यात यंत्र डाव्या गालाकडे बघून, क्षणभर मागाहून, उजवा हलवायचं. बाईंनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, “एकच विनोद मला दोनदा कळतोय असं दिसतं.” मग चंदनानं दुसरा मार्ग काढला. सातव्या नसेला मेंदूतून दोन वाटांनी आज्ञा येतात. एक हुकमाची: फोटोवाला ‘हसा’ म्हणतो तेव्हाची. दुसरी खूप खोलातून येते, ती भावनेची: हसू आवरत नाही तेव्हाची. अर्धांगाचा झटका आलेले काही रुग्ण हसा म्हटलं की अर्धंच हसतात, पण नातवंडानं गंमत केली की दोन्ही गालांनी हसतात, हे डॉक्टरांना जुनं ठाऊक होतं. हुकमाची वाट बोलण्याचावण्याच्या गर्दीनं भरलेली. तिथे तार टाकली तर माणूस भाकरी चावताना हसत सुटेल. भावनेची वाट मोकळी आणि स्वच्छ. केसाहून बारीक तार तिथवर नेली. बोलणं-चावणं डाव्याची नक्कल करून, पण हसणं, रडणं, आठी, सगळं थेट आतून. “चेहरा जिवंत दिसायला पाहिजे,” असं चंदनाच बैठकीत म्हणाली होती.

यंत्र चालू केलं तो दिवस विभागात सणासारखा होता. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हेरवाडे बाईंचे घरच्या शिकवणीतले विद्यार्थी. ते म्हणाले, “बाई, त्रैराशिकात तुम्ही मला तेरा गुण दिले होते. आज तुमच्या डोक्यात हात घालायला मिळाला.”

बाई हसल्या. दोन्ही गालांनी हसल्या. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याला कितीतरी दिवसांनी सुरकुत्या पडल्या. परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणले. मागे उभी असलेली चंदना डोळे पुसत पुढे आली आणि आईसमोर वाकली.

“कसं वाटतंय, आई?”

डावा गाल हसला. उजव्या बाजूला नाकपुडीशेजारची कातडी वर ओढली गेली, वरचा ओठ दातांवरून मागे सरला, डोळा बारीक झाला. ताटात झुरळ निघाल्यावर माणसाचं तोंड होतं तसं. क्षणभरच. डॉक्टर म्हणाले, “अजून जुळवाजुळव करायला पाहिजे,” आणि पेढ्यांचा डबा फिरला.

चंदनानं जुळवाजुळव केली. तार तपासली, चकती तपासली, आठवडाभर जेवायचं विसरून तपासली. यंत्रात दोष नव्हता.

घरी आल्यावर तर खात्रीच पटत गेली. दूधवाला आला की उजवा गाल निवांत असे. मांजर मांडीत बसलं की तो सैल सुटे. भरतेशच्या फोटोला हार घालताना सगळी उजवी बाजू अशी थरथरे की चंदनाला बघवत नसे. उजव्या डोळ्यातून पाणी मात्र येत नसे; आसवांच्या ग्रंथीला जाणारा धागाही सातवीचाच, तो कायमचा गेला होता. मग चंदना चहा घेऊन येई. कप ठेवल्याचा आवाज झाला की गाल जागा होई. ती मागून आली, डावीकडून आली, नुसतं “आई” म्हणाली, तरी ओठ दातांवरून मागे सरेच. आणि त्याच वेळी डावी बाजू म्हणे, “साखर बरोबर झालीय हं.”

गावाला आधी गंमत वाटली. बाईंच्या नणंदबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, बाई म्हणाल्या, “किती आठवणीनं आणलेत,” आणि उजव्या गालानं लाडवांचं खरं परीक्षण जाहीर केलं. नणंदबाई पुन्हा आल्या नाहीत. एका जुन्या सहकारी शिक्षिकेबद्दल बाईंच्या मनात काय आहे, तेही असंच फुटलं. मगदूमबाईंकडे जायचं तर डाव्या हाताला बसावं, ही रीत आळीत आपोआप पडली. आपल्याबद्दल कुणाला काय वाटतं ते जाणून घ्यायची हौस माणसाला फार असते, पण खुर्ची तो डावीकडेच ओढतो.

चंदनाला खुर्ची कुठेही ओढता येत नव्हती. शेजारच्या पाटीलकाकूंनी एकदा तिला जिन्यात गाठलं. काकू वाईट नव्हत्या, पण मनात आलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“आगं चंदना, एक विचारू? राग नको मानूस. तू समोर आलीस की बाईंचं तोंड असं का हुतंय गं? तू एवढं करतीस त्यांचं.”

“तार नीट बसायचीये अजून, काकू.”

“मग आमच्याकडं बघून कशी नीट बसतीया?”

चंदना हसली आणि वर निघून गेली. तिचं हसू हुकमाच्या वाटेनं आलं होतं, पण तिच्या कानामागे बटण नसल्यानं काकूंना ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं हेरवाड्यांना विचारलं, “सर, यंत्र चुकू शकतं?”

“चुकू शकतं. खोटं बोलू शकत नाही. ते आपण शिकवलंच नाही त्याला.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “हे बघ, आत राग उठतो आणि चेहऱ्यावर येतो, याच्या मधे मोठ्या माणसांत एक दार असतं. ते लावायला आपण लहानपणापासून शिकतो. सगळं घर, सगळं गाव त्या दारावर चाललंय. आपण बाईंच्या उजव्या बाजूचं दार काढून टाकलं. आत काय आहे ते मी विचारणार नाही तुला.”

“तार काढली तर?”

“काढता येईल. तुझा नवा नकलेचा प्रोग्रॅम चांगला आहे, दोनदा हसल्यासारखं दिसायचं नाही. पण काढली की तिथं वण धरणार. या वयात मी पुन्हा घालणार नाही. आणि बाईंना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

मग क्षमावाणी आली. बस्तीच्या मंडपात रांग नव्हती. जो तो समोर दिसेल त्याला हात जोडत होता. गेल्या वर्षी ती आईपुढे सगळ्यात आधी वाकली होती. या वर्षी ती शेवटपर्यंत खांबाआड राहिली. शेवटी बाईंनीच तिला नावानं हाक मारली. आळीतले सगळे होते. काकू होत्या. चंदनानं पायावर डोकं ठेवलं, ते वाक्य म्हटलं आणि वर बघितलं.

“क्षमा, बाळ,” बाई म्हणाल्या. उजवा ओठ दातांवरून मागे सरला आणि तसाच राहिला. या वेळी तो क्षणभर नव्हता. भोवतीची माणसं बोलायची थांबली, मग एकदम जास्तच बोलायला लागली. कुणीतरी केळी वाटायला घेतली. बाईंनी हात उचलून स्वतःच्या उजव्या गालावर ठेवला आणि जणू दाढ दुखतेय असा तो दाबून धरला.

तेव्हा चंदनाच्या ध्यानात आलं. पाचवी नस शाबूत होती. गाल काय करतो ते आईला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

घरी आल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं. डावीकडे नाही, समोर.

“इतकी वर्षं मला वाटायचं, मी क्षमा केलीय,” त्या म्हणाल्या. “अगदी प्रामाणिकपणे वाटायचं. सामायिकाला डोळे मिटून बसले की मन तपासायचे, काही सापडायचं नाही. वर्गात मुली म्हणायच्या, बाई, उत्तर बरोबर आलंय. मी म्हणायची, ताळा करून बघितलास? आता हा गाल माझा ताळा आहे, चंदना. उत्तर चुकलंय. कळलं ते बरं झालं.”

“काय चुकलं, आई?” चंदनानं विचारलं. आईनं ते बोलून टाकावं, अशी तिला भयंकर इच्छा झाली आणि तेवढीच भीती वाटली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. गाल ओढला गेला. “ते अजून मला म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू रोज संध्याकाळी थोडा वेळ अशी समोर बस. मी प्रयत्न करते. एक दिवस हा गाल सुटेल. तो सुटला की तुला आणि मला दोघींना कळेल. खोटं खोटं कळण्यापेक्षा ते चांगलं.”

जगात आई मिळावी तर अशी, असं कुणी म्हणेल. त्यानं समोर बसून बघावं. दिवेलागणीला दोघी समोरासमोर बसत. बाई डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत, मग डोळे उघडून लेकीकडे बघत. आणि दररोज, ज्या बाईनं तिला जन्म दिला तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर, ताटात झुरळ निघाल्यासारखा भाव येई. बाई गालावर बोट ठेवून म्हणत, “आज नाही. उद्या बघू.” आवाजात राग नसे, थकवा असे. दिवाळी गेली. संक्रांत गेली. चंदनाचं वजन उतरलं. एकदा तिला वाटलं की ओठ थोडा कमी सरला. ती इस्पितळात जाऊन पंख्याखाली बसून रडली. दुसऱ्या दिवशी तो पहिल्याइतकाच सरला. आपण समोर बसतो ती आईची साधना आहे आणि आपली शिक्षा, आणि आईची साधना लांबेल तेवढी आपली शिक्षा लांबेल, एवढं एकच तिला दिसायला लागलं. ट्रॉलीवाल्याला तरी सुटकेची तारीख होती.

उन्हाळ्यात ती म्हणाली, “आई, चकतीची बॅटरी बदलायची झालीये. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तू म्हणतीस तर चल की,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्माही काढला नाही.

हेरवाड्यांना तिनं सांगितलं, “आईला विचारलंय. ती हो म्हणाली.” दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती. डॉक्टरांना बाई खोटं बोलत नाहीत हे माहीत होतं, आणि बाईंची लेक बोलेल हे त्यांच्या मनात आलं नाही. बाई भुलीत गेल्यावर केसाहून बारीक तार बाहेर आली. चंदनानं ती चिमट्यात धरून बघितली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

एकदम पूर्ण गुण दिले असते तर बाईंना संशय आला असता. म्हणून चंदनानं प्रोग्रॅम बसून लिहिला. आपला आवाज, आपला चेहरा समोर आला की ओठ किती सरायचा, तेही तिनंच ठरवलं. सुरुवातीला होता तितकाच. मग थोडा कमी. मधे एक-दोन दिवस पुन्हा जास्त, कारण माणसाचा राग सरळ रेषेत उतरत नाही. आपल्याला मिळायची क्षमा तिनं औषधासारखी मोजून, आईच्या गालातून, स्वतःला चमच्या-चमच्यानं पाजायला घेतली.

बाईंनी बोटाखाली फरक ओळखला. “चंदना,” एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “आज हलका आहे.” त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्या दुप्पट वेळ बसल्या. गाल हलका होतोय म्हटल्यावर त्यांचा हुरूप वाढला, विद्यार्थ्याला एक उदाहरण सुटलं की तो पुढची भराभर सोडवतो तसा. त्या चंदनाला लहानपणीचं ‘चंदू’ म्हणायला लागल्या. भरतेशच्या खोलीचं कुलूप काढलं. त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून त्यांनी आश्रमातल्या मुलांना दिले. एक चंदनाला दिला, घरात घालायला. नणंदबाईंना स्वतः जाऊन बोलावून आणलं, त्यांचे लाडू खाल्ले, उजवा गाल सभ्यपणे डाव्याबरोबर हसला, आणि बाई चकित होऊन म्हणाल्या, “हिच्यावरचाही राग गेला म्हणायचा माझा.”

चंदना हे सगळं बघत होती. आई बदलत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण गाल सुटला म्हणून आई बदलत होती, की आई बदलली म्हणून गाल सुटला असता, हे आता कोण सांगणार? खोटं प्रगतिपुस्तक दाखवलं की पोर कधी कधी खरंच अभ्यासाला लागतं. कधी कधी नुसतं मिरवतं. एक दिवस ती हेरवाड्यांच्या दारापर्यंत गेली. तार पुन्हा घालता येईल का, एवढंच विचारायचं होतं. मग तिला उत्तर आधीच दिलेलं आठवलं आणि ती परत फिरली.

पुन्हा क्षमावाणी आली. त्याच मंडपात, त्याच माणसांत, या वेळी बाईच लेकीला शोधत आल्या. त्यांनी तिला खांबापाशी नेलं आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायला लागल्या.

“ट्रॉलीला दिवा होता, चंदू. मी बघितला होता. तू मनगटाकडे बघत होतीस, तेही बघितलं होतं. माझा भरतेश तुझ्यामुळे गेला.” त्यांचा आवाज कापला नाही. “हे म्हणता येत नव्हतं तोवर क्षमा म्हणायचा मला अधिकारच नव्हता. आणि मी त्या माणसावर खोटं घातलं, ते तुझ्यासाठी. परवा मी त्याच्या घरी जाऊन आले. पाय धरले. त्यानं नाही केली मला क्षमा. दारातनं जा म्हणाला. त्याचा हक्क आहे तो. पण मी तुला केली. नाव घेऊन केली. आता बघ.”

त्यांनी चेहरा तिच्यासमोर धरला, वही पुढे करावी तसा. डावा गाल हसला. त्याच क्षणी, तितकाच, उजवा हसला. चंदनानंच तो तितका लिहिला होता. तिनं डोळ्यात बघितलं. उजवा डोळा कोरडा होता; तो कायमचाच कोरडा होता. डाव्यात पाणी होतं, पण डाव्यात पाणी नेहमीच असे, ‘क्षमा, बाळ’ म्हणतानाही असे. तिनं आईच्या तोंडावर सगळीकडे शोधलं. ज्या एका जागी हे उत्तर लिहून आलं असतं ती जागा तिनं स्वतः पुसून टाकली होती. आईनं आज जन्मात पहिल्यांदा ते खरं म्हटलं असेल, आणि तरी तिला ते कधीच कळणार नव्हतं.

“ताळा जमला की नाही?” बाईंनी विचारलं.

“जमला, आई.”

“मग आता मला दे.” बाईंनी हात जोडले. थोरानंही मागायची असते. “वर्षभर तुला रोज समोर बसवून तो चेहरा दाखवला. माझ्यापुढं दुसरी वाट नव्हती, पण तुला किती लागलं असेल ते मला कळत होतं. तरी बसवत राहिले. केलीस क्षमा?”

“केली,” चंदना म्हणाली.

बाईंनी आपला म्हातारा हात उचलला आणि लेकीच्या उजव्या गालावर ठेवला. बोटांनी नाकपुडीशेजारची कातडी चाचपली, ओठाचा कोपरा चाचपला, वर्षभर स्वतःचा चाचपत आल्या होत्या तसा. चंदनानं गाल जिथे असायला हवा तिथे धरून ठेवला. तिच्या कानामागे बटण नव्हतं.

“तुझंही बरोबर आलंय,” बाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तिला केळी घ्यायला घेऊन गेल्या.